छतावरच्या कुरडया

आप्पा,

आईच्या सगळ्या कुरडया दिंद्रुडच्या रस्त्यावर सांडल्या. पण असं काही झालेलंच न्हाई. आई उठली की तुम्हीही हेच सांगायचं.

तिनं त्या तुम्ही फिरायला घेतलेल्या आपल्या घरगाडीच्या छतावर वाळत घातल्या होत्या. मी न बघताच गाडी फिरवायला काढली. मागं शेळ्यांची मिरवणूक लागली, तेव्हा कळलं.

इथून पुढं गाडी हलवण्याआधी गॅस बंद करा, आतली भांडी बांधा आणि शिडी लावून छत बघा.

या गाडीपायी गप्प झालेली आई कालच तुमच्याशी बोलली, फिरायला येते म्हणाली. ते मोडू नये म्हणून मी परळीच्या मावशीकडं कुरडया मागायला चाललोय.

तरी मी परत येईपर्यंत आईचा राग तहकूब ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.

गहिनी