दहीभाताची मांजर

१७ डिसेंबर

तयिरी आज पुन्हा खांबावर आदळली. भर उजेडात! दह्याला इथे तमिळमध्ये तयिर म्हणतात, आणि ही दह्यावर वाढलेली, म्हणून तयिरी. मी हसले, माझी लेक नित्याही हसली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. “तिज दिसत नाहीं गे,” म्हणाल्या.

सासूबाईंना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मांजरीचे डोळे तपासायची हौस आली, असं मनात आलं. इथे लिहायला हरकत नाही. या घरात मराठी बोलतात, पण देवनागरी माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. बेळगावहून आणलेल्या वस्तूंपैकी एवढी एकच अजून माझ्या एकटीची आहे.

“तुम्हाला कसं कळलं?” विचारलं.

“आधीं पाय लावून पाहते, मग चालते.” एवढंच.

१९ डिसेंबर

ओरत्तनाडूला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर जननी — माझ्या वर्गात शोभेल एवढी पोर! डोळ्यांत टॉर्च मारला आणि पहिला प्रश्न — काय खाते?

माझ्या नवऱ्याने, सेतूने, छाती काढून सांगितलं, “दहीभात. वर तूप. सहा वर्षांत उंदराला तोंड लावलेलं नाही.” राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ही आमची ख्याती. आत्याबाई समोरच्या वेंकूबाईंना ऐकवायच्या — आमची मांजर आमच्यापेक्षां सोवळी!

डॉक्टर हसली नाही. मांसमासळीत टॉरिन म्हणून काही असतं, ते मांजरीला लागतंच. ते मिळालं नाही म्हणून डोळ्यांचे पडदे निकामी होत चाललेत. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली राखता येईल — खाणं बदललं तर. तिने एक उंची पाकीट लिहून दिलं. मासळीच्या कोरड्या दाण्यांचं. दहीभातात थोडं थोडं मिसळत दहा दिवसांत पुरतं बदलायचं. मात्र उपाशी ठेवायचं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की लिव्हर जातं.

म्हणजे आम्हीच तिला आंधळी करत होतो. कौतुकाने!

२० डिसेंबर

पाकीट आलं. आत्याबाईंना काय काय सांगायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, “स्वैपाकघरांत नको. परसांत ठेव.” माझी सगळी तयारी फुकट गेली.

२१ डिसेंबर

दहीभातात अकरा दाणे कालवले. मोजून. भात फस्त! ताटलीत अकराच्या अकरा दाणे शिल्लक, चाटूनपुसून कोरडे, दह्याचा ठिपकासुद्धा नाही. वीस वर्षं गणित शिकवते आहे, इतकं चोख काम दहावीच्या एकाही पेपरात पाहिलं नाही.

२३ डिसेंबर

दाणे कुटून घातले. तिने हुंगलं आणि पाठ फिरवली. आता भातालाही तोंड लावेना.

२४ डिसेंबर

सकाळीही काही नाही. दुसरा दिवस. सेतू म्हणाला, “दहीभातच देऊ. जगेल तरी.” मी ओरडले — “आणि आंधळी होईल त्याचं काय?” नित्या रडायला लागली.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. सोवळ्याचं लुगडं सोडून साधं नेसल्या, परसातल्या पायरीवर बसल्या आणि पाकिटात हात घातला. त्यांनी! माझ्या माहेरच्या डब्याला कांद्याचा वास येतो म्हणून तो वर्षभर दाराबाहेर ठेवणाऱ्या बाईने! दाणे दह्यात बोटांनी चोळले, बोराएवढे घास केले, मांजरीला मांडीवर घेतलं. “हा सेतूचा... हा नित्याचा...” दोन्हींपासून तोंड वळवलं. “हा शांभवीचा.” माझ्या नावाचा तेवढा खाल्ला!

मग मार्गळी महिन्यातल्या थंडीत गार पाण्याने डोक्यावरून अंघोळ. तेव्हा कुठे देवघरात गेल्या.

२७ डिसेंबर

दिवसाला तीनदा घास भरवणं, तीन अंघोळी. मी म्हटलं, मी भरवते. “तुझ्या हातचें खात नाहीं,” म्हणाल्या. खरं आहे. प्रयत्न करून बोचकारून घेतलं.

वेंकूबाई नाकाला पदर लावून आत्याबाईंकडे आल्या. “राजम, तुझ्या घरीं मीन?” मीन म्हणजे मासळी.

“मांजर खाते. मी न्हाते. तुज काय झालें?”

एकोणीस वर्षं मी या बाईंना कर्मठ म्हणत आले.

२९ डिसेंबर

मार्गळीत गल्लीभर दारोदार रांगोळ्या. आत्याबाईंची ठिपक्यांची रांगोळी बघायला दरवर्षी शेजारच्या गल्ल्यांतून बायका येतात. यंदा नित्याला बसवलंय. “या मांजरीपायीं मज वेळ कुठें गे?” नित्याची रांगोळी तिरकी आली. आत्याबाई म्हणाल्या, छान आहे!

१ जानेवारी

ताटलीतून खाल्लं! आपलं आपण. दहीभात नावालाच होता. आत्याबाई शेजारी बसून दाणे फुटण्याचा आवाज ऐकत होत्या, डोळे मिटून, गाणं ऐकावं तशा.

८ जानेवारी

ओरत्तनाडू. डॉक्टर खूश. अंग भरलंय, केस चमकतायत, आणि नजर होती तेवढी आहे, आणखी गेलेली नाही. घरी येऊन सांगितलं. आत्याबाईंनी दोनदा विचारलं, “आणखी आधीं नेली असती तर?”

“तर आणखी उरली असती.”

मांजरीसाठी एवढा जीव! मला माझीच लाज वाटली.

९ जानेवारी

सकाळी आत्याबाई परसात उतरत होत्या. एक हात भिंतीला. अंगठ्याने पायरी चाचपली, मग पाय टाकला.

मी बघतेय हे त्यांना कळलंच नाही. मी जवळ गेले तेव्हा हात धरून म्हणाल्या, “शांभवी, मज पण घेऊन चल गे. डावा गेला. उजव्यांत थोडें आहे.”

शाळेत रजा कळवली. रिक्षा दारात उभी आहे.