गाठीवरचं बोट

४ नोव्हेंबर

पानांचा ठसा पुन्हा फुटला. कागद तुरटीच्या पाण्यात भिजवला होता, निलगिरीची पानं शिरांची बाजू खाली करून मांडली, नळीवर गुंडाळून दोरा आवळला, वाफेवर ठेवलं. सगळं नेहमीसारखं. उलगडलं तर नारिंगी रंग छान उतरलेला, पण कडा पसरलेल्या. कुणी ओल्या बोटाने पुसावीत तशी पानं.

दोरा सैल राहतो. हे गेल्यापासून सैलच राहतोय. गाठ हे मारायचे, तिच्यावर बोट माझं. "दाब. काढू नकोस." जन्म पुस्तकं बांधण्यात गेला यांचा, गाठ म्हणजे गाठ. एकदा माझं बोटच आत बांधलं आणि म्हणाले, "आता कुठे पळशील?"

६ नोव्हेंबर

लेकीचा फोन. माझ्यासाठी खोली तयार आहे म्हणते, जावयांनी पडदेही लावले. "आई, हट्ट पुरे. एकटी पाल्याशी बोलत बसतेस." म्हटलं, पाला उलट बोलत नाही. तिला हसू आलं नाही.

मनाशी एक ठरवलंय. एकटीने एक कागद स्वच्छ काढला, तर इथेच राहायचं. नाही जमलं, तर मुकाट्याने जायचं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

९ नोव्हेंबर

दोऱ्याचं टोक दातात धरून पाहिलं. दात हलला, दोरा सैलच.

१२ नोव्हेंबर

शेजारची शिंपीण दारात उभी. "काकू, कसला काढा उकळताय रोज? वाटीभर द्या की, माझे गुडघे धरलेत."

काढा नव्हे, पानांचे ठसे काढते, म्हटलं. दोरा नीट बसत नाही एवढंच.

"मग हाक मारायची! दोरा हा तर माझा धंदा." चप्पल काढून आत यायलाच निघाली होती.

"नको गं, झालंच आता."

खोटं बोलले. भांड्यात नुसतं पाणी होतं. पण तिने गाठीवर बोट ठेवलं असतं, तर ते एकटीने कसं झालं असतं?

तिने चप्पल परत पायात घातली. मग दुपारभर भिंतीतून तिच्या मशीनचा आवाज येत राहिला.

१५ नोव्हेंबर

गाठ मारायचीच नाही, असं आज सुचलं. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून पट्ट्या केल्या. ओढून ओढून नळीवर वेढे दिले आणि शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खोचलं. जागचं हलत नाही. यांनी नाक मुरडलं असतं — "ही काय गाठ झाली?" नाहीच आहे ती गाठ.

वाफ देऊन झाली. गार झाल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर रंग पळतो. वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसले, पण त्याच ओळीवर डोळा फिरत राहिला.

१६ नोव्हेंबर

उतरलं. एकेक शीर स्वच्छ, किड्याने कुरतडलेली कडसुद्धा. कागद दोन्ही हातांत धरून "अहो, बघा" म्हणत मागे वळले. दाखवायला कुणी नव्हतं.

मग लेकीला फोन केला. तुझ्याकडे राहायला येते, म्हटलं.