ड्रॉवरमधलं कार्ड

प्रिय धाकट्या,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. शाळेतल्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर हे पान शंभरदा लिहायला लावलं असतं. दोन वर्षांनी लिहितेय, तेही असं.

आपल्या चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा पडदा आठवतो ना? कागदी तक्ता काढून तुझ्या भाऊजींनी हौसेने बसवलेला. मागे चिकटवलेला पत्त्यांच्या डबीएवढा कॉम्प्युटर, बटण दाबलं की अक्षरं लहान लहान होत जातात. केवढा मिरवायचे! काल सकाळी तो सुरूच होईना. "त्याचं मेमरी कार्ड गेलं असेल, ड्रॉवरमधलं घाल," हे म्हणाले. ड्रॉवरमध्ये नखाएवढी दोन कार्डं होती, वरचं घातलं. पडदा उजळला. मीच माझ्यावर खूश.

दुपारी शेजारच्या शाळेतल्या बाई नंबर तपासायला आल्या. मी काउंटरवर काचा पुसत होते. बाई घडाघडा वाचत होत्या, "ग, ठ, न, ल." पडद्यावर तेच होतं, मला तिथून दिसत होतं. आणि हे म्हणाले, "चूक. नीट बघा." मला वाटलं थट्टा करतायत. बाईही हसल्या, "अहो, मला स्वच्छ दिसतंय, तुम्हीच चष्मा लावा!" हे हसले नाहीत. पडद्याकडे तोंड करून ठामपणे म्हणाले, "पहिलं अक्षर प आहे, बाई."

प नव्हतंच रे. प जुन्या कार्डात होतं.

माझ्या हातातली काच पडून फुटली. "काय पडलं?" हे माझ्याकडे वळले, पण नजर माझ्या खांद्याशेजारी, भिंतीवर.

लहानपणी तू धडा पाठ करायचास आणि पुस्तक उलटं धरून 'वाचायचास'. मी लगेच ओळखून कान पिळायची. आणि इथे तीस वर्षं शेजारी बसून मला कळू नये? जिना उतरताना हे माझा खांदा धरायला लागले, त्याला मी प्रेम समजले. समजले कसली, मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं!

दोन वर्षांपूर्वी तू जेवता जेवता एवढंच म्हणाला होतास, "भाऊजी, एकदा डोळे तपासू या का?" हे ताटावरून उठले. आणि मी तुलाच नाही नाही ते बोलले, पुन्हा दाराशी येऊ नकोस म्हणाले. तरी महिन्याभराने तू कार्ड पाठवलंस, दर वेळी नवी अक्षरं दाखवणारं. लोक तक्ता पाठ करतात, असं चिठ्ठीत लिहिलं होतंस. ह्यांनी ते ड्रॉवरमध्ये भिरकावलं. काल मी घातलं ते तेच. ते लोकांसाठी नव्हतं ना रे?

बाईंना मी दुसरीकडे तपासून घ्यायला सांगितलं. आज दुकान बंद आहे. पडदा बिघडलाय, असं मी ह्यांना सांगितलं. पहिल्यांदाच हे वाद न घालता "बरं" म्हणाले. तू ये. माझी चूक पदरात घे, पण ये. फक्त दारातून डोळ्यांचा डॉक्टर म्हणून शिरू नकोस. पडदा दुरुस्त करायला आलोय, असं म्हण.

वाट बघणारी तुझीच,
ताई