बेबीचा पाट

मंगळवार संध्याकाळ, बागबाजार, १९५१

डोकं नुसतं तापलंय. आमची नात बेबी रोज घरातला जेवायचा पाट काखेत मारून शाळेत जाते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या पोरींनी वर्ग भरले, बाकं पुरेनात. त्यांचा काय दोष? त्यांनीही शिकावंच, मला कुठं शाळा मिळाली? नव्या वर्गखोलीसाठी आम्ही सगळ्यांनी वर्गणी दिली. आज सभेत शाळेची समिती म्हणते, त्या पैशांतून आधी लोखंडी फाटक बसवलं, वर्ग पुढच्या वर्षी! मी सोबत नेलेला बेबीचा पाट समितीच्या सेक्रेटरीबाबूंपुढे आपटला. "बसा तासभर यावर."

"मावशी, माझी कंबर…"

"पोरींना कंबर नाही?"

बसले की बाबू त्यावर! पाट तिथंच ठेवून आले. वर्ग होईपर्यंत सभेत त्यांनी त्यावरच बसायचं. बेबी आज जमिनीवर जेवली, पण काय हसत होती लबाड!