पाठीला कान

धाकटे,

घाबरू नकोस. तुझी चिमणी शेजारच्या काकूंकडे जेवून खेळतेय. सकाळी दम्याच्या यंत्रात फुंकायला ती कुरकुरत होती, म्हणून "बघ, असं फुंकायचं" म्हणत मीच फुंकून दाखवलं. तांबडा दिवा लागला, आकडा थेट दवाखान्यात पोचला आणि नर्सबाईंचा फोन आला, "मुलीला लगेच आणा!" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आजी, तुम्हीच या." यंत्रही तपासायला मागितलंय, म्हणून नेतेय.

मला उशीर झाला, तर रात्री चिमणीच्या पाठीला कान लाव. तुझी ताई होती तोवर मी तिला तसंच करायचे. आत शिट्टी वाजली, तर उजाडायची वाट बघू नकोस. तो आवाज तू ओळखशील. ताईला चिकटूनच झोपायचीस.

आई