उठवणारं माणूस

३ मार्च
खोली मिळाली, आणि खोलीसारखी खोली मिळाली. दुसरा मजला, मागची बाजू, जाड पडदे. खिडकीखाली रस्ता नाही, शाळा नाही, पत्रे ठोकणारा कोणी नाही. पलंग लोखंडी आहे पण कुरकुरत नाही. मी तीनदा बसून पाहिलं. घराचा नियम एकच: दुपारी एक ते चार कोणी कोणाला उठवायचं नाही. ऐकून घरमालकिणीच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

अठ्ठावीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केली. गाव झोपायचं तेव्हा मी जागी, म्हणून मी झोपायची ती दिवसा. दिवसा झोपणाऱ्या बाईला लोक आजारी समजतात नाहीतर आळशी, आणि आजारी समजण्याइतका मोठेपणा आमच्या घरात कोणाकडे नव्हता. पेन्शन सुरू झाली तरी सवय सुटली नाही. आता सोडायचीही नाही.

घरमालकीण साठीच्या असाव्यात, पण कांती तुकतुकीत. डोळ्यांखाली एक रेघ नाही. किल्ली देताना त्यांनी विचारलं, तुम्हाला उठवणारं हक्काचं माणूस कोणी आहे का. मी म्हटलं, देवाच्या दयेने नाही. त्या हसल्या.

५ मार्च
देवाच्या दयेलाही मर्यादा असतात. आज बरोब्बर तीनला उशाशी फोन वाजला. वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण, वय शहात्तर, आवाज कर्ण्यासारखा. काय गं, झोपली होतीस की काय, म्हणे. नाही वन्सं, झाडावर चढले होते.

जुन्या घरी सकाळी अकराला त्या माझा पडदा सरकवायच्या. कधी चहा निवत असायचा, कधी पत्र आलेलं असायचं. एकदा पाल दाखवायला उठवलं. पाल काय पाहायची असते? स्वतः मात्र आयुष्यात दुपारी आडव्या झाल्या नाहीत, आणि हे सांगताना मान अशी ताठ करतात की पदकच लावायचं बाकी.

९ मार्च
झोप अशी लागते की बुडल्यासारखं वाटतं. रोज तीनला फोन आणि माझ्या शिव्या. शिव्या मनातल्या मनात; सिस्टरांच्या शाळेतली शिस्त अजून जिभेवर आहे, फक्त तिथपर्यंतच आहे.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मोजणीदार राहतात. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. पहिल्या दिवशी जिन्यात भेटले होते तेव्हा म्हणाले, पूर्वी मी दुपारी तासभर पडायचो, आता जेवणापुरता उठतो. मला हेवा वाटला. चार दिवस झाले, ते जेवायला आलेले नाहीत.

१२ मार्च
मोजणीदारांच्या खोलीत गेले. दार लोटलेलंच होतं. उताणे झोपले होते, छातीवर घडी केलेला चष्मा, चष्म्यावर धूळ. दाढी आठवडाभराची वाढलेली. मी हाका मारल्या, खांदा हलवला, शेवटी गालावर चापट मारली. श्वास संथ. पापणीही हलली नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत घरमालकीण बसल्या होत्या. मी यायच्या आधीपासून तिथेच असाव्यात. रागावल्या नाहीत. परक्याने उठवून उपयोग नाही, म्हणाल्या. इथे हक्काच्या माणसाच्या हाकेलाच जाग येते, आणि ह्यांना कोणी नाही. मग म्हणाल्या की त्यांना स्वतःला वीस वर्षांत झोप लागलेली नाही, पण दुसऱ्याची झोप त्यांना लाभते. नुसतं जवळ बसलं की पुरतं.

वर येऊन बॅग भरली.

१३ मार्च
बॅग भरलेली आहे, पण मी गेलेले नाही. रात्रभर एकच विचार करते आहे, आणि विचार करायला लाज वाटत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. दुपारी. मी तीन रात्री त्याच्या उशाशी बसले होते, चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीत डोळा लागला. वन्सं त्याच्याजवळ होत्या. दोन तास तो जात होता. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईने मला पालीसाठी उठवलं, तिने त्या दिवशी उठवलं नाही. मी उठून गेले तेव्हा त्याचा हात थंड होता. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तू दमली होतीस, म्हणून नाही उठवलं.

वन्संना नवरा नाही, मूल नाही, भाऊ गेला. हक्काचं माणूस म्हणजे मी एकटी.

१५ मार्च
फोनवर आग्रह केला. आठ दिवस हवापालटाला या, म्हटलं. त्या इतक्या चटकन हो म्हणाल्या की माझीच पंचाईत झाली. घरमालकिणीने माझ्या खोलीत दुसरा पलंग घातला. चादर स्वतः अंथरली.

१७ मार्च
आल्या. जिना चढतानाच सुरुवात: पडदे किती जाड, माणूस जिवंत आहे की नाही कळायचं नाही. जेवणानंतर पाठ टेका म्हटलं, तर म्हणे मी का तुझ्यासारखी आहे? नुसत्या टेकल्या. दहा मिनिटांत घोरायला लागल्या.

तीन वाजले. चार वाजले. मी पलंगाशी उभी राहिले आणि हळूच म्हणाले, तुम्ही दमला होतात, म्हणून नाही उठवलं.

इतकं गोड काही मी आयुष्यात बोलले नाही.

१८ मार्च
त्या झोपलेल्याच. घरमालकीण खुर्ची घेऊन आल्या आहेत. मी दुपारी एकला आडवी झाले, तीनचा गजर लावला. उठले तेव्हा अंधार पडला होता. गजर वाजून वाजून थांबलेला.

२० मार्च
काल अख्खा दिवस पानावर नाही. मी दोन दिवस झोपले होते.

आता समजलं. तीनला मला नुसत्या घंटीने कधीच जाग आली नव्हती. वन्सं उठवत होत्या. फोनमधून, आपल्या त्या कर्ण्यासारख्या आवाजाने, रोज. मोजणीदारांसारखी मी पहिल्याच आठवड्यात गेले असते.

माझंही हक्काचं माणूस एकच होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने निजवलं.

२१ किंवा २२
बॅग घेऊन खाली उतरले. फाटकापाशी बाक आहे. श्वास घ्यायला बसले. डोळे उघडले ते माझ्या पलंगावर, अंगावर पांघरूण, चपला नीट जोडून ठेवलेल्या. घरमालकिणींचे केस आता काळे दिसतात.

वन्संना हाका मारल्या. मी मारली तर त्यांना ऐकू जायला हवं. चवथ्या हाकेला ओठ हलले. कान लावला. म्हणाल्या, तीन वाजले का गं, तिला फोन करायचाय. कोणाला, मी विचारलं. वहिनीला, म्हणाल्या. तेव्हा उठवलं नाही — चुकलं — आता रोज उठवते — नाहीतर तीही तशीच —

आणि परत घोरायला लागल्या.

माफी मागायची तर जागेपणी मागायची होती, वन्सं. सहा वर्षं नुसतं झोपली होतीस का, झोपली होतीस का.

दुपार
उभी राहून लिहिते. बसले की संपलं. जिना मोकळा आहे. आता एकटी गेले तर फाटकाबाहेर पडेन कदाचित — बाकाकडे बघायचं नाही —

नाही जाणार. इतक्या स्वस्तात सोडायची नाही ह्या बाईला. गाढ झोपेतून ओढून काढणार आहे, जशी मला काढायची तशी. मग समोरासमोर विचारणार — का नाही उठवलंस मला. सूड म्हणा हवं तर.

पुन्हा
गुडघ्यावर होते. किती वेळ, कोण जाणे. पेन हातातच.

घरमालकीण खुर्ची दोन्ही पलंगांच्या मधे — उशी घेऊन — पडा हो, म्हणते, किती जागलात —

वन्सं उठा. मी लिहिते आणि ओरडते. डोळा उघडला. एक. माझ्याकडे बघतायत — ओळखलं —

हात धरलाय. त्यांनीही धरला — घट्ट — आणखी एक हाक, मग दोघी मिळून जि