आईकडचं रक्त

लासुर्णे, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

बारामतीच्या डॉक्टरांनी यांच्या छातीचा फोटो काढायला सांगितला होता. हे तो न काढताच मला घेऊन एसटीत बसले.

डॉक्टर म्हणाले, विडीच्या धुरानं पेशींच्या आत इजा होते. काही जमातींत जास्त, काहींत कमी. पण तुमचं कसं, ते सांगता येत नाही. यांनी तेवढं शेवटचं ऐकलंच नाही! एसटीभर एकच, "आमी मेंढरामागची माणसं. आज्जा म्हातारा हुईस्तवर चिलीम वडत हुता, कधी खोकला न्हाय."

आज्जाचं खरं. पण यांचे मामा? पन्नाशीच्या आत खोकून खोकून गेले, तेही विडीच ओढायचे. विचारलं तर, "ती आईकडची. आपली न्हवं." रक्त काय एकट्या बापाकडूनच येतं?

आणि सासूबाई तर लग्नापासून कौतुकानं सांगतात, माझा पोरगा अगदी मामावर गेलाय. तेच नाक, तीच चाल, हसताना तसाच एक डोळा बारीक.

आत्ता ओट्यावर विडी पेटवून हे माझ्या भीतीला हसले. डोळा बारीक झाला. हसता हसता खोकला लागला, थांबेचना.

चुलीपुढं भाकरी थापणारा सासूबाईंचा हात मात्र थांबला. हा खोकला त्यांच्या ओळखीचा आहे.